चौकी सोडल्याचा रिपोर्ट

सोमनाथ वाघचौरे हा दुबईत डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीमध्ये सुरक्षारक्षकाची नोकरी करीत होता. इमारतीतील रहिवासी त्याला कौतुकाने ‘फौजी’ म्हणत, आणि तो शब्द दर वेळी त्याच्या अंतःकरणास टोचत असे. कारण लष्कराने त्याला बडतर्फ केलेले होते, आणि बडतर्फ मनुष्याची गणना माजी सैनिकांत होत नाही. गावी स्वातंत्र्यदिनी माजी सैनिकांस झेंड्याजवळ पुढे उभे करतात. सबब सोमनाथ आपली रजा नेहमी मे महिन्यात घेई, आणि ऑगस्टमध्ये कंपनी सोडत नाही असे पत्नी संपदा हिला सांगे.

बडतर्फीचे कारण असे. सीमेवरील एका बर्फाळ चौकीवर तो एकटा पहाऱ्यास असता कॅप्टन सदानंद राजवाडे यांनी फील्ड टेलिफोनवरून त्यास आज्ञा केली, की माझी जीप बर्फात रुतली आहे, चौकी सोडून ताबडतोब खाली ये. तो गेला. मागे शेगडी कलंडून चौकी जळाली व आतील दारूगोळाही भस्मसात झाला. चौकशीमध्ये कॅप्टनसाहेब त्या आज्ञेविषयी काहीच बोलले नाहीत. सुभेदाराने सोमनाथच्या कानात सांगितले, “साहेबाचं नाव काढू नको. गुन्हा कबूल कर, थोडक्यात सुटशील.” सोमनाथने कबूल केले, परंतु तो सुटला नाही.

आता पुण्याच्या वकील विभावरीबाई यांनी त्याचा अर्ज लष्करी न्यायाधिकरणापुढे दाखल केला होता. बडतर्फी रद्द व्हावी आणि सन्मानाने सेवामुक्त केल्याची नोंद व्हावी, एवढीच मागणी होती. एके दिवशी बाईंनी बोटिम या मोबाइलच्या ॲपवरून फोन केला.

“वाघचौरे, तुमची कबुली तुमच्याच गळ्यात अडकलीय. एक तर राजवाड्यांनी लिहून द्यावं, की हुकूम मी दिला होता. नाहीतर तुम्ही प्रतिज्ञापत्रात त्यांचं नाव घ्या.”

“साहेबांचं नाव मी कसं घेऊ, बाई?”

“मग जा त्यांच्याकडे. ते तिकडेच असतात म्हणालात ना?”

राजवाडेसाहेब लष्कर सोडून अबू धाबीस एका कंपनीत सेफ्टी मॅनेजर झाले होते आणि खलिफा सिटीमध्ये सहकुटुंब राहत होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सोमनाथने इस्त्रीचा शर्ट घातला आणि इब्न बतूता स्थानकावरून अबू धाबीची बस धरली. दुतर्फा वाळू मागे पडत होती, आणि तो मनामध्ये एकच वाक्य घोटीत होता, ‘साहेब, माझी एक विनंती आहे.’

साहेबांनी स्वतः दार उघडले. “अरे सोमनाथ! ये, ये. ॲट ईज, यार! इथे कसला सॅल्यूट?”

सोमनाथ सोफ्याच्या कडेस बसला. साहेबांची पत्नी प्रमिलाताई चहा घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, “म्हणजे बर्फातून एकट्यानं जीप ओढून काढणारे ते तुम्हीच! आमच्याकडे पाहुणे आले, की हे तुमची गोष्ट सांगतात.”

सोमनाथने कप खाली ठेवला. जीपची गोष्ट या घरात सांगितली जात होती! आगीची मात्र सांगितली जात नव्हती. त्याने साहेबांकडे पाहिले. साहेब रिमोटने एसी कमी करीत होते.

“बोल, काही प्रॉब्लेम नाही ना?” साहेबांनी विचारले.

सैन्यात अधिकारी असे विचारतो तेव्हा जवानाने द्यावयाचे उत्तर एकच असते. ते वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच्या मुखातून निघून गेले. “नाही साहेब. सगळं ठीक आहे.”

साहेबांनी त्यास गाडीने बसपर्यंत सोडले.

खोलीवर त्याचा सोबती महादू भाजी चिरीत होता. हा कोकणातला रंगारी. मनाने निर्मळ, जिभेने तिखट.

“काय म्हणाले साहेब?”

“चहा पाजला.”

“आणि कागदाचं?”

“विचारायला जमलं नाही.”

“वा रे फौजी! चहासाठी अबू धाबी? अरे, करक चहा खाली कॅफेटेरियात दीड दिरहमला मिळतो. म्हणजे पस्तीस रुपये धर. ते पण महागच.” मग तो विळी बाजूस सारून म्हणाला, “तुला मागता येत नाही. गोळी खाशील, पण मागणार नाहीस. ठीक आहे, मागू नको. पण झालं ते सांगता तर येतं ना?”

हे बोलणे सोमनाथच्या मनात खोल उतरले. वास्तविक त्या दिवसाचा रिपोर्ट त्याच्याकडून कोणी घेतलाच नव्हता. त्यास केवळ कबूल आहे किंवा नाही, एवढेच विचारले गेले होते. तो दोन पलंगांमधल्या चिंचोळ्या जागेत ताठ उभा राहिला आणि त्याने साहेबांना फोन लावला.

“साहेब, रिपोर्ट द्यायचा आहे.”

“कसला रिपोर्ट?”

“चौकी सोडल्याचा. मी ड्यूटीवर होतो, साहेब. बर्फ पडत होता. शेगडी पेटलेली होती. तुमचा फोन आला. मी म्हणालो, चौकीत दुसरा कोणी नाही. तुम्ही म्हणालात, हुकूम आहे, निघ. मी निघालो. जीप निघेपर्यंत वर धूर दिसला. रिपोर्ट समाप्त, साहेब.”

पलीकडे पाहुण्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. नंतर दार लावल्याचा आवाज झाला आणि हसणे बंद पडले.

“बरोबर आहे,” साहेब हळू म्हणाले. “असंच झालं होतं.”

सोमनाथचे डोळे भरून आले. “मग एवढं लिहून द्याल, साहेब?”

“सोमनाथ, मी इथे सेफ्टी बघतो. माझ्या हुकमामुळे आग लागली, असं मीच लिहून दिलं तर कंपनी मला ठेवेल? मुलं शिकतायत माझी. हवं तर वकिलाची फी मी देतो.”

“फी मी दिलीय, साहेब.”

“मग मी काय करू, सांग.”

त्या पलटणीमधील सोमनाथला नावाने हाक मारणारा असा हा एकच मनुष्य आता जगात उरलेला होता.

“काही नको, साहेब. मात्र अर्जात तुमचं नाव मी लिहिणार. आधी तुम्हाला कळवणं माझं काम होतं.”

साहेब म्हणाले, “लिही.” आणि फोन बंद झाला.

तो शब्द क्रोधाचा होता की परवानगीचा, हे त्यास कळले नाही. साहेब यापुढे ती जीपची गोष्ट पाहुण्यांना सांगणार नाहीत, एवढे मात्र त्यास कळले. महादू विळी तशीच ठेवून त्याच्याकडे पाहत होता. सोमनाथने बोटिम उघडले.

“विभावरीबाई, लिहून घ्या. नाव सदानंद राजवाडे. त्या वेळचा हुद्दा, कॅप्टन.”