मागच्या रांगेतला खोकला

दंतवैद्याच्या घरात जुनं नाणं औषधालाही सापडलं नसतं. होते ते नाण्यांच्या जुन्या लिलावांचे कॅटलॉग, आणि तेही जितके आधीचे, जितके दुर्मीळ, तितका त्याचा जीव त्यांत अडकलेला. "दादा, हे म्हणजे जेवण सोडून मेनूकार्डं जमवण्यासारखं झालं," असं त्याची बहीण फोनवर म्हणायची. घरात दुसरं हसणारं कुणी नव्हतं, म्हणून तोच हसायचा.

कपाटात पहिल्याच जागी बोटभर फट ठेवलेली होती. शहरातल्या अगदी पहिल्या नाणे-लिलावाचा कॅटलॉग तिथे यायचा होता. तो हातातोंडाशी आलेला असताना ठसक्याने पळवला होता. ठसका म्हणजे लिलावाच्या दालनात मागच्या रांगेत बसणारा एक म्हातारा. बोली लावण्याआधी तो हमखास खोकायचा, म्हणून दंतवैद्याने मनातल्या मनात त्याला हे नाव ठेवलेलं. खोकला कानावर पडला की याचं डोकं फिरायचं आणि हात वर जायचा. वर्षानुवर्षं दोघं एकमेकांवर कुरघोडी करत आले, पण 'काय, बरंय ना?' एवढंही कधी बोलले नाहीत. खरं तर या पिवळ्या कागदांची किंमत कळणारी माणसं त्या दालनात ही दोनच होती.

मग ठसका गेला आणि त्याच्या भाच्याने सगळा संग्रह विकायला काढला. दंतवैद्य इस्त्रीचा शर्ट घालून, दालन उघडायच्या आधीच दारात हजर झाला. आज तो कॅटलॉग घेतल्याशिवाय घरी जायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

कॅटलॉग पुकारला गेला. दंतवैद्याने हात वर केला. दुसरं कुणी बोललं नाही. लिलाव पुकारणाऱ्या बाई "एक वार" म्हणाल्या आणि जुन्या सवयीने त्याचा हात पुन्हा वर गेला.

"डॉक्टर, चालू बोली तुमचीच आहे," बाई हसू दाबत म्हणाल्या. "स्वतःचीच बोली चढवताय."

दालनात खसखस पिकली. दंतवैद्याने ओशाळून हात खाली घेतला.

"एक वार. दोन वार."

ज्याच्यासाठी ठसका खोकून खोकून लालबुंद झाला होता, तो कॅटलॉग असा रद्दीच्या भावात जाणार? दंतवैद्याला भडभडून आलं. इतकं एकटं त्याला रिकाम्या घरातही कधी वाटलं नव्हतं. त्याने हात वर केला.

"अहो डॉक्टर, तुमच्याविरुद्ध कुणीच नाहीये."

"माहितीये," तो म्हणाला. "तरी वाढवा."

या वेळी कुणी हसलं नाही. बाईंनी आकडा वाढवला आणि हातोडा उचलून त्या थांबल्या. दंतवैद्य मान वळवून मागच्या रांगेकडे बघत होता. तिथल्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मग तो स्वतःच खोकला, आणि त्याने पुन्हा हात वर केला.