ठिपक्यांचे सर्जेराव

कुंदाचं पत्र येऊन पाच महिने झाले होते आणि वसंतराव गुरुजींनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं. पुण्याच्या नव्या शाळेतून तिला चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला बसायचं होतं; पण गुरुजी शिकवत त्या वेल्ह्याकडच्या जुन्या शाळेनं दाखल्यावर ‘उद्धट वर्तन’ असा शेरा मारलेला. खरं काय घडलं ते गुरुजींनी लिहून दिलं, तर पुण्याचे हेडमास्तर फॉर्म घेणार होते. मुदत आता आठ दिवसांवर आली होती.

खरं घडलं ते असं. दोन वर्षांपूर्वी, एकोणसत्तर साली, गुरुजींनी एका मासिकात वाचलं, की परदेशात छापील फोटोतले ठिपके मोठे करून चित्रं रंगवतात. एरवी वर्गाशीही मान खाली घालून बोलणाऱ्या गुरुजींना त्या दिवशी चेव आला. त्यांनी मुलांच्या हाती भिंग दिलं. निवडणुकीच्या पत्रकावरचे शाळेचे चेअरमन सर्जेराव भिंगाखाली नुसते ठिपके ठिपके दिसले. मग बाटल्यांची बुचं गेरूत बुडवून सातवीच्या मुलांनी संमेलनासाठी सात फुटी सर्जेराव उठवले. गाल कुंदानं केले, सगळ्यांत सुबक.

आता सर्जेरावांच्या तोंडावर लहानपणीच्या देवीचे वण होते. ते साऱ्या तालुक्याला दिसत, पण कुणी पाहत नसे. भोरचा फोटोवालासुद्धा ते पुसून द्यायचा. गुरुजींच्या मात्र खरोखरच ध्यानात आलं नव्हतं. चेअरमनांच्या तोंडाकडे मान वर करून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

पडदा सरकला. पुढच्या रांगेतल्या धोंडाबाईंनी हात जोडले.

“बया, लईच उठल्यात की. लिंबाचा पाला आणा कुणीतरी, आन् पोरं लांब घ्या.”

मागं कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सर्जेराव जागचे हलले नाहीत.

“गुरुजी, ही अक्कल कुणाची?”

“मुलांनीच केलंय.”

“कुठल्या?”

 गुरुजींनी नुसतं कुंदाच्या गेरूनं माखलेल्या बोटांकडे पाहिलं. तेवढं पुरलं. परीक्षेच्या यादीतून तिचं नाव गेलं आणि दाखल्यावर शेरा आला.

निवृत्तीनंतर भोरला राहणाऱ्या गुरुजींनी उत्तराचे नऊ खर्डे केले होते. नवव्यात ठिपक्यांचा इतिहास अश्मयुगापासून घेतला होता. तो वाचून त्यांच्या पत्नीनं, शैलजाबाईंनी, चष्मा काढला.

“अहो, यात त्या दिवसाचं कुठाय?”

“ओघानं येईल.”

“अकरा पानं झाली, अजून ओघ नाही. पोरीला परीक्षेला बसायचंय, तुमच्या व्याख्यानाला नाही.”

“सर्जेराव बाजाराला इथं येतात. समोर आले तर?”

“तर या खेपेला नीट तोंडाकडे बघा.”

गुरुजींनी कोरा कागद घेतला. ठिपक्यांची कल्पना माझी. फोटो मी निवडला. विचारलं तेव्हा मी भ्यालो आणि कुंदाकडे पाहिलं. तिनं उद्धटपणा केला नाही, मी शिकवलं तेच केलं. खाली पूर्ण नावानं सही.

पाकीट पेटीत टाकून ते घरी गेले नाहीत. आपणच ते परत मागायला जाऊ, अशी त्यांना धास्ती होती. एसटी स्टँडवरच्या बाकावर ते बसून राहिले, आणि टपालाची थैली पुण्याच्या गाडीत चढल्यावरच उठले.