शिशाच्या एप्रनची घडी

मी एक जुना एप्रन आहे, आता निम्माच उरलेला. स्वयंपाकघरातला नव्हे, मित्रांनो, शिशाचा! बोईसरच्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, एका दांडीवर मी लटकतो.

रबरात शिसे मिसळून मला मुंबईच्या कारखान्यात बनवले आणि वरून निळे रेक्झिन शिवले. एक्स-रेचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला जाणवतही नाहीत. पण ते पुन्हा पुन्हा अंगात शिरले तर इजा करतात. आईच्या पोटातल्या बाळाला तर त्यांच्यापासून फार जपावे लागते. ते किरण अडवणे हे माझे काम.

मी आलो त्या दिवशी वॉर्डबॉय पुंजारामने मला उचलले आणि तो वाकलाच. "सिस्टर, ह्यो एप्रन हाय का दळणाचं पोतं?"

"पोतंच समज," उषा सिस्टर हसून म्हणाल्या. "पण हे अंगावर असलं की माणूस भरडला जात नाही."

उषा सिस्टरांचे काम इतर सिस्टरांपेक्षा वेगळे होते. कारखान्यांत हातपाय मोडलेली माणसे आमच्याकडे येत. हाड नीट जुळले की नाही ते पाहायला ऑपरेशन चालू असतानाच चाकांचे एक्स-रे यंत्र आत आणत. त्या वेळी कोणी एप्रन घालायचा, कोणी भिंतीमागे जायचे, ते सिस्टर ठरवत. मुंबईला जाऊन त्या हे शिकून आल्या होत्या. त्यांनी "फोटो!" म्हटले की कमलाकांत डॉक्टरसुद्धा हातातले काम थांबवत.

सकाळी आल्या की त्या माझ्यावरून तळहात फिरवत, तांदळातले खडे चाचपावेत तसा. मला ते फार आवडे. माझी घडी मात्र त्या कोणाला घालू देत नसत. घडीवर आतल्या शिशाला भेग पडते, आणि वरचे रेक्झिन दिसते जसेच्या तसे.

एकदा सिस्टर रजेवर होत्या आणि दवाखाना बघायला मोठे पाहुणे येणार असे कळले. आया गोजराबाईंनी आवराआवर सुरू केली. घड्या घालणे ही त्यांची हौस. त्यांच्या हातची लुगड्याची घडी दुकानातल्यासारखी दिसे. त्यांनी मलाही काठाला काठ लावून चौपदरी दुमडले, वर चादरींचा गठ्ठा रचला. पाहुणे खूश होऊन गेले. माझ्या आत काहीतरी करकरले होते, पण सांगणार कसे?

सिस्टर परत आल्या त्याच दिवशी नवसीला आणले. ती सफाळ्याच्या पलीकडच्या डोंगरातली. लावणी करताना बांधावरून घसरली आणि पायाचे हाड मोडले. ती पोटुशी होती. आधीची दोन बाळे पोटातच गेली होती. तिचा नवरा जिव्या दाराशी उभा होता.

"पाय गेला तरी चालंल, बाय," नवसी सिस्टरांना म्हणाली. "पोटातला जायला नको."

"दोन्ही राखू," सिस्टर म्हणाल्या, आणि तिच्या पोटावर घालायला त्यांनी मला उलगडले. तळहात फिरता फिरता मध्येच थांबला.

त्यांनी मला यंत्राखाली पसरून माझाच फोटो काढला. ओली फिल्म खिडकीशी धरली. शिशाच्या पांढऱ्या पट्ट्यावर काळी रेघ होती, बरोबर पोटावर येते तिथे. तिथून किरण आरपार गेले होते.

गोजराबाईंना रडू फुटले. "अवो सिष्टर, म्या तर नीट दिसावं म्हून..."

"कळलं, बाई. आता रडू नका. वाळूच्या पिशव्या आणा."

दवाखान्यात दुसरा एकच एप्रन होता, डॉक्टरांचा. "माझा घाला तिला," कमलाकांत डॉक्टर म्हणाले. "पण मग फोटोच्या वेळी पाय धरणार कोण?"

"कोणीच नाही, सर. स्वच्छ कापडात गुंडाळलेल्या पिशव्या लावून पाय टेकवू, आणि सगळे भिंतीमागे जाऊ."

"दर फोटोला? वेळ जाईल, सिस्टर."

"जाऊ दे, सर."

नवसीला कमरेखालीच भूल दिली होती. ती जागी होती. सगळे बाहेर निघाले तशी ती घाबरली. "मला टाकून कुठं चालले सगळे?"

"मी इथंच आहे गं, भिंतीमागे!" सिस्टर ओरडल्या. "हलू नकोस. सांग, बाळाचं नाव काय ठेवणार?"

"आदी येऊ तर द्या त्याला!"

डॉक्टरांना हसू आवरेना. यंत्र खटकन वाजले. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, असे बरेचदा झाले. शेवटी हाड जुळले.

भाताची कापणी उरकल्यावर नवसीला मुलगी झाली, चांगली दणदणीत. महिनाभराने नवसी काठी टेकत तिला दाखवायला आली. जिव्याने कोहळा आणला होता. त्याने तो गोजराबाईंच्या हातात दिला, आणि त्या पुन्हा रडल्या.

तोवर नवा एप्रन आला होता. माझा भेगाळलेला भाग कापून टाकला. चांगला उरलेला भाग आता लहान मुलांच्या मांडीवर घालतात. गोजराबाई आता डॉक्टरांनाही दटावतात, "सायेब, खुर्चीवर नगा टाकू. टांगा आधी!"

मित्रांनो, एक्स-रेच्या खोलीत कोणी तुम्हाला जड काही पांघरले तर कुरकुर करू नका. तेवढा वेळ तो भार सोसा. तुमच्या अंगावर येण्याआधी कोणीतरी तो तळहाताने चाचपून पाहिलेला असतो.