वहीतला चौथा रकाना

"उतर. परत चढ."

बायको उतरली, परत चढली. काट्यावर पुन्हा तोच आकडा आला. एक्क्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

"चपला काढल्यास?"

"अनवाणीच आहे मी."

"खिशात काही?"

"गाऊनला खिसा असतो का कधी? अहो, किती वेळा चढ-उतार करायला लावणार? गुडघा काय भाड्याने आणलाय माझा?"

काटेवाल्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं. पलंगाखालून दहा किलोचं लोखंडी वजन ओढून काढलं आणि काट्यावर ठेवलं. शिक्का मारलेलं हे वजन त्याने खास कामावरून मागून आणलं होतं. काट्याने चोख दहा दाखवले. म्हणजे काटा खरा होता. काटा खरा, तर खोटं दुसरं कोणीतरी, आणि घरात माणसं दोनच.

सव्वीस वर्षं तो भंगाराच्या आवारात गाड्यांचा वजनकाटा सांभाळत होता. भरलेली गाडी आत येताना तोलायची, रिकामी होऊन बाहेर जाताना तोलायची, मधला फरक म्हणजे माल. सोपं वाटतं ना? पण माणूस तिथेही आपली अक्कल दाखवतोच. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्याने एक लबाडी पकडली होती. ड्रायव्हर लोक भंगाराच्या खाली पाण्याची भरलेली पिंपं लपवून आणायचे. आत गेल्यावर गुपचूप पाणी सोडून द्यायचे. बाहेर जाताना गाडी हलकी, आणि पाणी लोखंडाच्या भावात खपलेलं. काटेवाल्याने गाडीखालची ओली जमीन बघून ओळखलं. तेव्हापासून एकही पिंप त्याच्या बोटांनी ठोकल्याशिवाय फाटकातून आत गेलं नव्हतं. ड्रायव्हर त्याला मागून 'घार' म्हणायचे, काही जण तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडायचं, हे त्याने कधी कबूल केलं नाही, एवढंच.

तर अशा माणसाच्या घरात दीड महिना चोरी चालली होती आणि चोर सापडत नव्हता.

बायकोचा उजवा गुडघा पार गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, पण अटीवर. दहा आठवड्यांत ब्याण्णवचे सत्त्याऐंशी करून या, नाहीतर तारीख रांगेतल्या पुढच्या माणसाला. बायको एका वृद्धाश्रमात सेविका होती. इमारत दोन मजली, लिफ्ट नाही, दिवसातून वीस वेळा जिना. तिथल्या मुख्य बाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांनीही गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, "ताई, पायाचं लवकर बघा. जिना होत नसेल तर मला दुसरं कोणीतरी शोधावं लागेल." एकोणीस वर्षांची नोकरी त्या एका गुडघ्यावर उभी होती. आणि सहा आठवड्यांत वजन उतरलं होतं फक्त सहाशे ग्रॅम.

वही त्यानेच आखून दिली होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ असे तीन रकाने. आहारवाल्या बाईंनी दिवसाला चौदाशे कॅलरींचा तक्ता दिला होता, तो पहिल्या पानावर चिकटवला होता. बायको रोज नीट अक्षरात लिहायची. एक वाटी भात, एक अंडं, पावाचे दोन काप, उकडलेली भाजी. रोज रात्रीच्या जेवणानंतर तो बेरीज करायचा, आणि बेरीज रोज चौदाशेच्या आत यायची.

मग वजन हलत का नव्हतं? कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्याने अंडी मोजून ठेवली. तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीने खूण केली. एकदा तर बायको आंघोळीला गेल्यावर कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि बिस्किटाचा एखादा कागद सापडतो का बघितलं. सापडलं काय, तर त्याचीच हरवलेली चष्म्याची डबी. बायको बाहेर आली, पसाऱ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"काय शोधताय?"

"चष्म्याची डबी."

"डोळ्यावर चष्मा आहे की."

"डबी म्हटलं मी."

ती वळली, झाडू घेऊन आली आणि कचरा गोळा केला. वाकताना गुडघा कटकन वाजला, तो त्यालाही ऐकू आला. क्षणभर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण संशय ही अशी गोष्ट आहे की ती लाजेच्या शेजारी बसून आरामात जेवते.

कारण खुणा होत्या. संध्याकाळी कामावरून आल्यावर बायको पानातला निम्मा भात बाजूला सारायची आणि म्हणायची, "पोट भरल्यासारखं वाटतंय." एवढं मोजकं खाणाऱ्या बाईचं पोट भरतं कशाने? एकदा तिच्या वरच्या ओठावर पांढरी बारीक रेघ दिसली, वाळलेली. एकदा अंगाला व्हॅनिलासारखा गोड वास आला. वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण तिची मैत्रीण होती. तीच चारत असणार. काटेवाल्याने मनात खटला चालवला, निकालही लावून टाकला. फक्त मुद्देमाल जप्त करायचा राहिला होता.

त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सव्वीस वर्षांत अशी रजा त्याने दोनदाच घेतली होती, एकदा आईच्या आजारपणात आणि एकदा स्वतःच्या लग्नात.

चारच्या सुमाराला तो वृद्धाश्रमात पोचला. स्वयंपाकघराला कुलूप होतं. तो पाय न वाजवता जिना चढला. दुसऱ्या मजल्यावर, शेवटच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून बायकोचा आवाज येत होता. तो दाराआड उभा राहिला.

खिडकीजवळ खुर्चीत एक म्हातारा बसला होता, हाडं आणि सदरा. बायको टेबलाशी उभी राहून मोठ्या जगमधून दोन ग्लास भरत होती. दाट, पांढरं दूध, ताकदीची पावडर घातलेलं. व्हॅनिलाचा वास दारापर्यंत आला.

"आधी तू," म्हातारा म्हणाला.

"पिते ना, आजोबा."

"त्या ग्लासातलं नाही. माझ्या ग्लासातलं. बदल ग्लास."

बायकोने ग्लास बदलले. म्हातारा पुढे झुकला आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघू लागला. तिने एक घोट घेतला.

"गिळलंस? तोंड उघड."

तिने तोंड उघडून दाखवलं.

"अजून. तळापर्यंत. तळाशीच घालतात ते."

ती उभ्यानेच, सगळा भार डाव्या पायावर टाकून, ग्लास रिकामा करत गेली. म्हातारा घोट मोजत होता. ग्लास संपल्यावर त्याने तो हातात घेतला, उजेडात धरून आतून बघितला, खात्री केली, आणि मग आपला ग्लास उचलला.

उतर, परत चढ. चपला काढल्यास? खिशात काही? ही भाषा काटेवाल्याच्या ओळखीची होती. त्याने दार ढकललं.

बायको दचकली. मग तिच्या लक्षात आलं, आणि चेहरा एकदम उतरला.

"म्हणजे पाळत ठेवायला आलात."

"हे काय चाललंय?"

तिने त्याला बाहेर नेलं आणि दार लोटून घेतलं.

"हे सहीवाले आजोबा. तीस वर्षं बँकेत खोट्या सह्या पकडल्या. आता त्यांना वाटतं सगळे विष घालतात. जेवत नाहीत. मी प्यायले की तेवढंच पितात, दिवसातून तीनदा. मुख्य बाईंना माहीत आहे, जास्तीची पावडर त्याच देतात." तिचा आवाज जरा हलका झाला. "दीड महिन्यात दोन किलो वाढलेत ते. डॉक्टर म्हणाले, ताई, कमाल केलीत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस? वहीत कुठंय हे?"

"विचारलं होतं मी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. तुम्ही पट्टी घेऊन रकाने आखत होता. मी म्हटलं, दूध, चहा लिहायचा का? तुम्ही म्हणालात, प्यायलेलं कशाला, ते निघून जातं. जे चावतेस तेवढं लिही. चावलेलं सगळं लिहिलंय मी. एक घास सोडला नाही."

त्याला आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवला. पट्टी हातात होती, आणि शेजारी स्वतःचा तीन चमचे साखरेचा चहा होता. ज्याने सव्वीस वर्षं एक पिंप न ठोकता सोडलं नाही, त्याने आपल्या घरच्या वहीत पाणी तोललंच नव्हतं. त्याला तिची माफी मागायची होती. पण सवय नसलेल्या माणसाला असे शब्द वेळेवर सापडत नाहीत, म्हणून त्याने आत जाऊन पावडरचा डबा उचलला आणि मागचा मजकूर वाचला. दुधासकट एका ग्लासात अडीचशे कॅलरी. तीन ग्लासांचे साडेसातशे, तिच्या दिवसभराच्या निम्म्याहून जास्त.

"बंद करता येणार नाही?" मागोमाग आत आलेल्या बायकोला त्याने हळूच विचारलं.

"मी बंद केलं की ते बंद करतील. करू?"

खिडकीजवळून म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात विचारलं, "हा कोण? डबा का बघतोय?"

"आमचे हे आहेत, आजोबा," बायको म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघताच पुढे म्हणाली, "कुणावर विश्वास ठेवत नाहीत. सख्ख्या बायकोवरसुद्धा. हे प्यायले, तर समजा त्यात काही नाही."

म्हाताऱ्याने काटेवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. दोघांनी एकमेकांना ओळखलं असावं.

"उद्या याला आण," म्हातारा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून काटेवाला कामावर जाताना सकाळी साडेसातला आणि सुटल्यावर संध्याकाळी वृद्धाश्रमाचा जिना चढू लागला. ग्लास बदलायचा, प्यायचा, तोंड उघडून दाखवायचं. पहिल्या दिवशी तोंड उघडताना त्याचे कान तापले. पंधरा दिवसांत त्याच्या पँटचं बटण लागेनासं झालं. दुपारचा ग्लास मात्र बायकोलाच प्यावा लागे, तेव्हा तो काट्यावर असायचा. वहीत त्याने चौथा रकाना आखला आणि त्यात ती तो ग्लास इमानेइतबारे लिहू लागली. त्याखाली त्याने आपले चहाही लिहिले, कुणी सांगितलं नसताना.

आकडा हलू लागला. नव्वद. एकोणनव्वद सहाशे. एकोणनव्वद.

चार आठवडे संपले, आणि दोघं डॉक्टरांकडे गेले. परिचारिकेने बायकोला पडद्यामागच्या काट्यावर बोलावलं. काटेवाला सवयीने उठला, दोन पावलं गेला, मग परत येऊन खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर गुडघ्याच्या हाडांचं चित्र होतं, ते बघत राहिला.

बायको बाहेर आली. "अठ्ठ्याऐंशी चारशे."

त्याने वहीत लिहिलं, अठ्ठ्याऐंशी चारशे.

"एक किलो चारशे राहिलं," डॉक्टर म्हणाले. "वाईट वाटतं, पण ही तारीख पुढच्यांना द्यावी लागेल. आता दोन महिन्यांनी." त्यांनी त्याच्या हातातली वही घेऊन पानं मागे उलटली. "चार आठवड्यांत तीन किलो, छान आहे. मग पहिले सहा आठवडे काय केलंत?"

बायकोने तोंड उघडायच्या आधीच तो बोलला. "रकाना मी आखला नव्हता. ती बरोबर लिहीत होती. चूक माझी."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी मान हलवली आणि नवीन तारीख लिहून दिली.

दवाखान्याचा जिना अरुंद होता. बायको कठड्याला धरून तिरकी उतरू लागली, एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. अजून दोन महिने, दिवसातून वीस वेळा. तो एक पायरी खाली राहून, वही काखेत मारून तिच्या पुढे उतरत होता.

"काटा बघायला आला नाहीत," ती वरून म्हणाली.

"तू सांगितलास ना आकडा."

ती आणखी एक पायरी उतरली. मग म्हणाली, "चला, चारचा ग्लास आहे. आजोबा वाट बघत असतील."

"आज माझी सुट्टी आहे. तोही मीच पितो."

"बरं," ती म्हणाली, आणि कठडा सोडून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग दुखरा पाय आधी खाली टेकवला.