माझं दार उघडू नका

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. कृपा करून माझं दार उघडू नका. रागावू नका हं, आयुष्यभर मनात हेच एक वाक्य घोकत आलो, म्हणून नाव-गाव सांगायच्या आधीही तेच तोंडात येतं.

तुमच्या घरातला फ्रीज म्हणजे माझा धाकटा भाऊ. पाण्याचा बर्फ केला की त्याला केवढं कौतुक! पाणी गोठतं शून्य अंशाला. माझं काम त्याच्याही खाली ऐंशी अंश. उणे ऐंशी! मला घडवलं तेव्हा माझ्या भिंतींत ऊब अडवणारा जाड फोम भरला, पाठीशी दोन यंत्रं बसवली, दाराच्या कडेनं रबराची पट्टी लावली आणि कपाळावर एक छोटा भोंगा दिला. आत ऊब शिरली की त्यानं ओरडायचं. जन्मापासून मी काळजी करणारा, त्यात हा भोंगा. मग काय विचारता!

मला एका प्रयोगशाळेत आणलं. लांबलचक काळ्या दगडाचं टेबल, ठिबकणारा नळ, आणि चष्मा डोक्यावर ठेवून तोच खोलीभर शोधणाऱ्या बाई. बाई सूक्ष्मजीव वाढवायच्या. सूक्ष्मजीव म्हणजे डोळ्यांना न दिसणारे इवले जीव.

त्यांतला एक बाईंना धुलाईच्या कारखान्यामागच्या गरम गटारात सापडला होता. कापड विणण्याआधी सुताला खळ देतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. रंगवण्याआधी ती खळ काढावी लागते. त्यासाठी जहाल रसायनं घालून पाणी तासन् तास उकळायचं आणि मग ते ओढ्यात सोडून द्यायचं, अशी जुनी रीत. या जीवाजवळ मात्र खळ कापायची कात्रीच होती. तिला एन्झाइम म्हणतात. पण गरम, सोडा घातलेल्या पाण्यात ती कात्री लगेच बोथट व्हायची.

बाईंनी त्या जीवाला तालमीत घातलं. दर महिन्याला पाणी थोडं जास्त गरम, सोडा चिमूटभर जास्त. बहुतेक जीव मरून जायचे. जे तगायचे, त्यांचीच पुढची पिढी वाढवायची. असं आठ वर्षं! शेवटी जो उरला, त्याचं नाव बाईंनी 'काटक' ठेवलं. त्याच्या चाळीस कुप्या भरून त्यांनी माझ्या तिसऱ्या कप्प्यात ठेवल्या आणि माझ्या दारावर हात ठेवून म्हणाल्या, "सांभाळ रे बाबा."

तेव्हापासून माझी झोप उडाली.

काटक कापड रंगवायच्या कारखान्यात गेला आणि त्यानं नाव काढलं. सरपण वाचलं, ओढ्याचं पाणी निवळलं. लोक बाईंचं कौतुक करायला यायचे. बाई माझ्याकडे बोट दाखवायच्या, "मूळ बी याच्या पोटात आहे." मी फुशारून जायचो आणि लगेच घाबरायचो.

बाईंचा एक कडक नियम होता. वीस कुप्यांची एक पेटी माझ्याकडे, दुसरी शेजारच्या इमारतीतल्या नव्या फ्रीझरकडे. एकावर संकट आलं तर दुसरी शाबूत राहावी. हे काम बाईंच्या मदतनिसाकडे होतं. त्याला सगळे घाईबुवा म्हणत. घाईबुवा पेटी घेऊन गेला, तर नव्या फ्रीझरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. "उद्या जागा करून नेतो," असं पुटपुटत त्यानं पेटी परत माझ्याच पोटात, पहिलीच्या खाली सारली. वहीत मात्र 'पोहोचली' असं आधीच लिहून झालं होतं. तो उद्या चार वर्षं उगवला नाही. घाईबुवा विसरला. मी विसरलो नाही, पण मला तोंड कुठे होतं?

होता तो भोंगा. माझ्या दाराची रबरी पट्टी झिजली होती. फटीतून ऊब शिरायची आणि भोंगा दिवसातून दहादा ओरडायचा. पट्टी बदलायला हवी होती. त्याऐवजी कोणीतरी भोंग्यात कापूस कोंबला आणि वरून चिकटपट्टी लावली. "कटकट गेली एकदाची," घाईबुवा म्हणाला.

मग एक दिवस रंगाच्या कारखान्यातून फोन आला. काटक कामच करेना, कापडावरची खळ जागच्या जागी! बाई सकाळीच तिकडे निघून गेल्या.

त्याच दुपारी माझ्या पाठीतलं एक यंत्र खोकलं आणि गप्प झालं. दुसऱ्यानं थोडा वेळ तग धरला, मग त्यानंही मान टाकली. कपाळावरचा आकडा हलू लागला. उणे अठ्ठ्याहत्तर. उणे चौऱ्याहत्तर. भोंगा जिवाच्या आकांतानं ओरडला, पण कापसाखालून आवाज आला डासाएवढा.

मला वाचवलं एका ओल्या फडक्यानं. फरशी पुसणाऱ्या मावशी आपली फडकी माझ्या पाठीमागच्या गरम जाळीवर वाळत टाकायच्या. जेवून आल्या तर फडकं तसंच ओलं! त्यांनी जाळीला हात लावला.

"अरे घाईबुवा, याची पाठ गार पडलीय!"

"फ्रीझर गारच असतो, मावशी."

"आतून रे! पाठ नेहमी तापलेली असते. ये, बघ आकडा."

आकडा होता उणे एकोणसाठ. घाईबुवा दाराकडे झेपावला. चार वर्षांपूर्वीचा तो उद्या त्याला आज आठवला.

"सरका मावशी, एक पेटी काढायचीय."

"कुठल्या कप्प्यात आहे?"

"ते... शोधतो ना पटकन!"

आत सगळीकडे बोटभर हिम साचलेलं. शोधायला पाच मिनिटं तरी लागली असती, आणि तेवढ्यात माझी सगळी थंडी बाहेर! मी मनातून ओरडत होतो, नको रे, उघडू नको! मावशींना ऐकू आलं की काय कोण जाणे. त्या दाराला पाठ लावून उभ्याच राहिल्या. "बाई रोज सांगतात, ऊब म्हणजे चोर आणि उघडं दार म्हणजे त्याला पाट मांडणं. आधी फोन लाव."

फोनवर बाईंचा आवाज खणखणीत होता. त्या कोणाला तरी बोलत होत्या, "काका, त्याला साखरेचं पाणी कशाला पाजलंत?"

मागून कारखान्यातले रंगारीकाका म्हणाले, "रोज नुसती खळ खातोय बिचारा, म्हटलं जरा लाड करावेत."

"आयती साखर मिळाल्यावर तो कात्री कशाला चालवेल? आळशी झालाय तुमचा काटक! असू द्या, मूळ बी माझ्याकडे आहे. हं, बोल रे."

घाईबुवानं अडखळत सगळं सांगितलं. दुसऱ्या पेटीचंही. बाईंनी एकच विचारलं.

"दार उघडलंत?"

"नाही, मावशी उघडू देत नाहीत."

"देव भलं करो त्यांचं. उघडू नका. हातात येईल ते पांघरूण घाला त्याला. मी कोरडा बर्फ घेऊन येते."

"फ्रीझरला पांघरूण?" घाईबुवानं फोन ठेवत विचारलं.

पण मित्रांनो, पांघरूण ऊब देत नाही, ती अडवतं. बाहेरची बाहेर, आतली आत. मावशींनी पडदे काढले, अंगावरची शाल काढली आणि मला गुंडाळून टाकलं. घाईबुवा गुडघ्यांत डोकं घालून समोर बसला. उणे पन्नास. उणे बेचाळीस. प्रत्येक अंशाला मला वाटायचं, गेली ती आठ वर्षं!

तीन तासांनी बाई धावत आल्या. आकडा उणे एकतीसवर होता. त्यांनी दार एकदाच उघडलं, तिसऱ्या कप्प्यात थेट हात घातला, दोन्ही पेट्या कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूत, पुरल्या, उरलेला बर्फ माझ्या पोटात ओतला आणि दार लावलं. मग चष्मा शोधला. तो डोक्यावरच होता.

बी जिवंत होतं की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी एका कुपीतला थेंब खळीच्या ताटलीवर पसरला. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटलीवर आयोडीन ओतलं. जिथे खळ असते, तिथे आयोडीन निळंकाळं होतं. ताटली काळीभोर झाली. एरवी तिथे जिवंत जीवांचे शेकडो ठिपके उगवायचे. या वेळी फक्त सात होते. त्यांतल्या चार ठिपक्यांभोवती स्वच्छ, पांढरी वर्तुळं होती. तिथली खळ कापली गेली होती.

"चारच?" घाईबुवानं हळूच विचारलं.

"चार पुष्कळ झाले," बाई म्हणाल्या. "यांच्या कुप्या भरायच्या आणि आजच्या आज दोन इमारतींत ठेवायच्या. तू एकटा नाही, मावशींना घेऊन जा."

माझी यंत्रं काही दुरुस्त झाली नाहीत. आता मी बाहेरच्या बोळात उभा असतो. पोटात झाडू, बादल्या आणि मावशींची फडकी. फडकी वाळत नाहीत म्हणून त्या मला अजून बोल लावतात. कपाळावरची चिकटपट्टी मात्र त्यांनी स्वतः नखानं खरवडून काढली.

मित्रांनो, तुमच्या आसपासही कोणीतरी सारखं कुरकुरत असेल, एखादं यंत्र, एखादं माणूस. त्याच्या तोंडावर पट्टी लावण्याआधी एकदा जवळ जा आणि विचारा, काय रे, कुठून ऊब शिरतेय?

आणि हो, माझं दार आता उघडलंत तरी चालेल. फक्त लगेच लावा. तेवढीच माझ्या जिवाला शांतता.