नरकाच्या चित्रातला दोर

प्रार्थनाघरातलं नरकाचं चित्र तीस वर्षांपूर्वी बाबांनी दुरुस्त केलं होतं, आता तेच काम माझ्याकडे आलंय. त्यात माणसं उकळतात, भाजतात, आणि कोपऱ्यात एकजण गळ्यात दोर घेऊन आगीवर लोंबकळतोय. गाईडमहाशय रोज पाहुण्यांना ठणकावून सांगतात, "दोर म्हणजे आत्मघात. त्याला क्षमा नाही!" हातातला कापसाचा बोळा त्यांच्या तोंडात कोंबावासा वाटतो. माझ्या दादाने स्वतःच जीव दिला होता, बाबांच्या हातात हे चित्र आलं त्याच वर्षी.

त्यानंतर बाबांनी घरात दादाचा विषय काढू दिला नाही. त्यांनी दादाला माफ केलं नाही, असंच मी धरून चालले.

काल त्या दोरावरून द्रावणाचा बोळा फिरवला. दोर कापसावर उतरत होता. शेकडो वर्षांचा रंग असा सुटत नाही. सुटतो तो आमचा, दुरुस्तीवाल्यांचा. आपण घातलेलं पुढच्याला पुसता आलं पाहिजे, हा आमच्या कामाचा पहिला नियम. दोराखालून बोटं निघाली. मागून त्या माणसाचा अंगरखा पकडून वर ओढणारी. ह्या चित्रातल्या झाडून सगळ्या सैतानांना नख्या आहेत. ह्या बोटांना नव्हत्या.

संध्याकाळी बाबांच्या पलंगाशी बसून फोनवरचा फोटो दाखवला.

"हा हात खराब झाला होता का, बाबा?"

"नाही. चांगला धडधाकट होता."

"मग झाकलात कशाला?"

त्यांनी चादरीची सुरकुती सरळ केली.

"तुझा दादा त्या दुपारी माझ्याकडे आला होता. जरा बसता का, म्हणाला. मी म्हटलं, काम आहे, उद्या बघू. पंधरा दिवसांनी हे चित्र आलं. कुणा परक्याला हात मिळतो, आणि माझ्या पोराला... नाही बघवलं गं."

मला राग आला आणि रडूही आलं.

"राहिलेला दोर पुसू ना?"

"मी पुसतो."

आज सकाळी त्यांना घेऊन गेले. बोळा त्यांनी धरला, त्यांचं मनगट मी. बोळ्यामागून बोळे तपकिरी झाले आणि हात पुरता उघडा पडला. गाईडमहाशय मागे येऊन उभे होते.

"म्हणजे हा वाचला?"

"हो," बाबा म्हणाले. "हा वाचला."