मनिलाला गेलेली मुलगी

क्रिस्लिनचा फ्लेक्स घराच्या दर्शनी भिंतीवर लागला, तो निकालाच्या आदल्या दिवशी. आता कुणी म्हणेल, निकालाआधी फ्लेक्स लावायची एवढी काय घाई होती? पण जूनमध्ये मनिलाच्या दक्षिणेला, आमच्या बातांगासकडे छापखान्यांत कशी झुंबड उडते ते ज्याने पाहिलंय तो असं विचारणार नाही. कुणाची पोरगी नर्सिंगला लागलेली, कुणाचा पोरगा जहाजावर चढायच्या तयारीत. ज्याला त्याला आपल्या पोराचं तोंड चार हात मोठं करून भिंतीवर टांगायचं असतं. समोरच्या अलिंग मामेंगच्या, म्हणजे मामेंगकाकूच्या, मुलाचा फ्लेक्स आठवडाभर आधीच लागला होता, आणि तो क्रिस्लिनच्या आईच्या, कोन्सिंगच्या डोळ्यांत रोज सलत होता. तिने छापखान्यात जाऊन मजकूर सांगितला: मनिलाच्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाल्याबद्दल भावी इंजिनिअर क्रिस्लिनचं अभिनंदन. छापखानेवाल्याने फोटोतल्या पोरीला गोरी केली, नाक सरळ केलं, आणि गालावरचा तीळही पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात निम्मी गल्ली जेवत होती. पान्सितच्या शेवयांची परात दुसऱ्यांदा भरून आली तेव्हा यादी लागली. क्रिस्लिनने स्वयंपाकघरात फोनवर ती तीनदा वरपासून खालपर्यंत वाचली. मग धाकट्या बहिणीला, तिनतिनला वाचायला लावली. नाव नव्हतं.

कोन्सिंगने तिच्या हातातून फोन काढून घेतला, ओट्यावर पालथा ठेवला, पदराला हात पुसावेत तसे झग्याला पुसले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आहे नाव."

अंगणात टाळ्या झाल्या. क्रिस्लिन दारात ताटली घेऊन उभी होती. तिला वाटलं, आई पाहुण्यांपुरतं बोललीय, उद्या सांगेल खरं काय ते. उद्या आला नि गेला. आठवडा गेला. आई कुणाला काही सांगेना. उलट बाजारातून येताना रोज एक नवीन गोष्ट घेऊन यायची, मनिलात खोली बघितलीय म्हणून, नि खोलीला खिडकी आहे म्हणून.

ऑगस्टमध्ये कॉलेजं सुरू झाली. मग काय, जायला नको? कोन्सिंगने भर दुपारी पोरीला बॅग देऊन बसमध्ये बसवलं. गल्ली निरोपाला आली. अलिंग मामेंगने शेंगदाण्यांची पुडी तिच्या हातात कोंबली आणि डोळे टिपले. तिसऱ्या थांब्यावर मामा तीनचाकी घेऊन उभा होता. संध्याकाळी क्रिस्लिन नारळाच्या पोत्यांखाली अंगाची जुडी करून मागच्या दाराने घरात परत आली.

"थोडे दिवस," आई म्हणाली.

त्या थोड्या दिवसांचे दहा आठवडे झाले. मागची खोली, न्हाणी आणि स्वयंपाकघर एवढंच तिचं मनिला. खिडकीला दिवसाही पडदा. कुणी हाक मारली की पलंगाखाली. कोन्सिंग बाजारात केळीच्या पानातले सुमान विकायची. तो चिकट भात शिजवून, पानात बांधून, उकडून द्यायचं काम आता सगळं क्रिस्लिनवर आलं. गिऱ्हाइकं म्हणायची, कोन्सिंग, हल्ली तुझ्या हाताला काय चव आलीय गं. कोन्सिंग हसून म्हणायची, मनाला समाधान असलं की येते. घरी येऊन ही गंमत ती क्रिस्लिनलाच सांगायची, पाय दाबून घेता घेता.

रविवारी बाप जहाजावरून फोन करायचा. त्यालाही खरं सांगितलं नव्हतं. त्याने म्हणे इंजिनरूममधल्या प्रत्येक माणसाला फ्लेक्सचा फोटो दाखवला होता. मग क्रिस्लिनच्या पाठीमागे निळी चादर टांगायची, तिनतिनने दुसऱ्या फोनवर गाड्यांचे आवाज लावायचे, आणि क्रिस्लिनने सांगायचं की होस्टेलचं जेवण बरं आहे.

"वजन वाढलंय गं तुझं," बाप खूश होऊन म्हणायचा.

बसून बसून वाढणारच की. दुसरं काय होणार?

ऑक्टोबरात तिनतिनने शाळेतून एक कागद आणला. बाजाराच्या गावात सरकारी प्रशिक्षण केंद्र होतं, तिथे वेल्डिंगची नवी तुकडी भरणार होती. फुकट. सहा महिन्यांत दाखला. क्रिस्लिनने तो कागद इतक्यांदा वाचला की घडीवर फाटला. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांना थोडं वेल्डिंग शिकवलं होतं. मास्तर प्रत्येकाचा जोड उचलून फरशीवर आपटायचे. मुलांचे जोड तडातड सुटले; हिचा आपटला, परत आपटला, सुटला नाही. मास्तरांनी तो तुकडा टेबलावर ठेवून घेतला. आजवर तिच्याबद्दल कुणी म्हटलेलं सगळ्यात चांगलं तेवढंच होतं, आणि तेही न बोलता. तिला आता दुसरं काही नको होतं. ते केंद्र, तो दाखला, आणि कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून सरळ आत जायचं. शुक्रवारी मुदत संपत होती. अठरा पुरी व्हायला तिला पाच महिने होते, म्हणून आईने किंवा बापाने स्वतः हजर राहून सही करायला हवी होती. बाप समुद्रात होता.

तिने तांदूळ निवडता निवडता विषय काढला.

"वेल्डिंग?" कोन्सिंग म्हणाली. "भिंतीवर इंजिनिअर, आणि पोरगी लोकांच्या घराची फाटकं जोडतेय. चांगलं दिसेल."

"फ्लेक्स काढून टाक ना, इनाय," ती आईला म्हणाली.

"काढला की विचारतील का काढला."

"सांग की मनिलात जमलं नाही, परत आली."

"दोन महिन्यांत परत आलेल्या पोरीला लोक काय म्हणतात माहीत आहे? पोट आलं म्हणतात. आणि तुझ्याकडे बघून विश्वासही बसेल त्यांचा." तिने क्रिस्लिनच्या कमरेकडे बोट केलं. "पुढच्या वर्षी परत परीक्षा दे. पास हो. मग खरंच जा. खोटं आपोआप खरं होईल. तोवर कुणी मरत नाही घरात बसून."

"पुढच्या वर्षीही नाव नाही आलं तर?"

कोन्सिंगने सापडलेला खडा उचलून बाहेर फेकला, आणि म्हणाली, "पानं संपलीत, तोडून आणायला हवीत."

शुक्रवारी आई टोपल्या घेऊन बाजाराला गेली, तसं क्रिस्लिनने जन्मदाखला घेतला, टोपी घातली, तोंडाला मास्क लावला आणि मागच्या केळींतून निघाली. दहा आठवड्यांनी पाय रस्त्याला लागले. उन्हाने डोळे मिटत होते. तिने ठरवलं होतं काय? काहीच नाही खरं तर. कारकुनाच्या हातापाया पडू, सांगू सही सोमवारी आणते. एकदा नाव लागलं की आईही काय करील? पोटची पोर आहे मी तिची, असं तिला वाटत होतं.

केंद्राच्या आवारात आंब्याखाली टेबल होतं. कारकून गळ्यात छोटा पंखा लटकवून बसला होता. त्याने अर्ज वाचला, दाखला वाचला.

"सगळं आहे. पालक कुठेत?"

"बाजारात आहे आई. सर, सोमवारी..."

"सोमवारी नाही. दोन जागा राहिल्यात वेल्डिंगच्या. चारला बंद. बोलावून आण."

ती बाजूला झाली. बाजारात जाऊन आईच्या पाटीसमोर उभं राहायचं, शंभर माणसांत? तेवढ्यात फाटकातून दोन बायका आत आल्या. एक अलिंग मामेंग, भाचीला बेकरीच्या वर्गात घालायला आलेली. आणि तिच्याबरोबर, अर्जावर साक्षीदार म्हणून सही करायला मुद्दाम मान देऊन आणलेली, इंजिनिअर पोरीची आई.

कोन्सिंगने टोपीमास्कमधल्या पोरीला एका नजरेत ओळखलं. आई ती, पाठमोरीही ओळखली असती. तिने मान दुसरीकडे वळवली. पण क्रिस्लिनला त्या क्षणी भीती वाटली नाही. तिला एवढंच दिसलं की सहीवाला हात दहा पावलांवर आलाय. तिने मास्क खाली ओढला.

"सर, ती बघा. आली माझी आई."

"ओ बाई," कारकुनाने हाक मारली, "या इकडे. ही तुमचीच ना? एक सही करा."

अलिंग मामेंग वळली. क्रिस्लिनचे कान टोचले तेव्हा तिला मांडीवर घट्ट धरून बसली होती ती हीच बाई. आता ही किंचाळणार, असं क्रिस्लिनला वाटलं. मामेंगच्या चेहऱ्यावर आश्चर्याचं नावही नव्हतं. तिथे मजा होती. मामेंगच्या माडीवरून घराच्या छपरापलीकडची मागची दोरी दिसते, तिच्यावर वाळणारे आपले कपडे दिसतात, हे क्रिस्लिनच्या तेव्हा ध्यानात आलं. म्हणजे मामेंगला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. माहीत असूनच बायका रोज आईला विचारत होत्या, काय म्हणतेय तुमची मनिलावाली?

"काय गं कोन्सिंग," मामेंगने साखरेत घोळून विचारलं, "तुझीच का ही?"

म्हण हो, क्रिस्लिन मनात म्हणत होती. आठवडाभर हसतील, मग दुसरं कुणी सापडेल त्यांना. म्हण ना.

कोन्सिंगने पोरीकडे नीट पाहिलं. केसांपासून चपलेपर्यंत.

"माझी?" ती म्हणाली. "माझी मनिलात आहे."

कारकुनाने अर्ज वर धरला. "इथे आईचं नाव कोन्सोलासियोन दिमायुगा लिहिलंय."

"या नावाच्या बायका आमच्याकडे पायलीच्या पन्नास."

"इनाय," क्रिस्लिन म्हणाली.

"तुला आई म्हणतेय गं ती," मामेंग म्हणाली.

"सही मिळेना की कुणालाही म्हणतात बिचाऱ्या."

"तेही खरंच." मामेंगने मान तिरकी करून क्रिस्लिनला न्याहाळलं. "दिसते मात्र थोडी तुझ्या लेकीसारखी. पण तुझी गोरी आहे. आणि हिला इथे तीळ आहे बघ."

"हो. माझी गोरी आहे."

कारकुनाने अर्ज दाखल्यासकट क्रिस्लिनकडे सरकवला. मागच्या पोराला पुढे बोलावलं. त्याचा बाप शेजारीच उभा होता, त्याने वाकून सही केली. राहिली एक जागा, कारकून म्हणाला, आणि ती त्याच्या मागच्याला गेली.

क्रिस्लिन हलली नाही. तिला हुंदका फुटला, आणि तो रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. कोन्सिंगने पर्स उघडली, पन्नासची नोट काढली आणि तिच्यापुढे धरली.

"घे पोरी. काहीतरी खा. आणि घरी जा, आई वाट बघत असेल."

"मन मोठं आहे बाई तुझं," मामेंग म्हणाली.

आई आता तरी हात मागे घेईल म्हणून क्रिस्लिन त्या हाताकडे बघत राहिली. नाही घेतला. तिने नोट घेतली, परक्या मोठ्या बाईपुढे वाकतात तशी वाकली.

"उपकार झाले, अलिंग कोन्सिंग."

कोन्सिंगचा चेहरा एकदा पांढरा पडला खरा. पण मामेंग बघत होती. तिने पर्स मिटली, टेबलापाशी गेली आणि मामेंगच्या भाचीच्या अर्जावर, साक्षीदाराच्या ओळीवर, आपलं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, कोन्सोलासियोन दिमायुगा. कारकुनाने ते वाचलं. त्याने मान वर करून आधी तिच्याकडे पाहिलं, मग आंब्याखाली उभ्या असलेल्या पोरीकडे, आणि अर्जावर शिक्का मारला.